शिंका दोन

जूनच्या तोंडावर इनारीच्या तळ्यावरचा बर्फ फुटतो
आणि रुस्को अंगावरचा हिवाळा उतरवायला काढतो:
गालिच्यावर, कॉफीत,
तावेत्तीच्या एकुलत्या एका कोटावर.

नात येणार आहे. तिला दमा.
म्हणून रोज पायरीवर बसून म्हातारा त्याला विंचरतो,
केसांच्या कलानं,
मासे तोलायच्या काट्यावर पुंजका ठेवतो,
वहीत लिहितो: एक्केचाळीस ग्रॅम. तीस. बावीस.
जेवणात माशाचं तेल. अंघोळ एकदाच;
जास्त झाली तर कातडी रुसते.

निसटलेलं वारा नेतो,
वळचणीची पाखरं टपलेलीच.

शुक्रवारी अकरा ग्रॅम.
शनिवारी ऐला गाडीतून उतरली ती
आजोबाला ओलांडून थेट
कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून बसली.

तावेत्तीनं श्वास रोखला. तिचा ऐकला.

रात्री वहीत: शिंका दोन.
केस तोलायचे राहिले.