आलुबुखाराच्या आठळ्या

सप्टेंबरात आई तीन दिवस मुरंबा आटवते
आणि आठळ्या धुऊन माझ्यासाठी बरणीत भरते.
बितोमहून ग्लिवित्सेला जाताना बसमध्ये ती बरणी मांडीवर,
वळणावळणाला खुळखुळणारी.

भट्टीत आठशे अंश. हवा नाही, नुसता नायट्रोजन.
जळायला ऑक्सिजनच मिळाला नाही
तर वस्तूची राख होत नाही,
ती आपला सांगाडा राखते.
मग पोटॅशचा मारा, आम्लाचं न्हाण,
मग धुणं, आणि धुणं, पाणी निवळेपर्यंत.

उरते काळी भुकटी. तीन ग्रॅम.
तिच्या घड्या उलगडल्या तर
फुटबॉलचं एक मैदान.
धुराड्यातला वायू तिथं येऊन टेकतो
बाबांची कबुतरं सांजेला यायची तसा,
ज्याची त्याची खोबण शोधत.
त्यातलीच चिमूटभर मी पट्टीवर सारवते,
पट्टी पाण्यात, पाण्यात वीज.
बुडबुडे. हायड्रोजन.
रात्री अकरापर्यंत मी बुडबुडे मोजते,
ह्यालाच नोकरी म्हणतात.

कोळसा उगाळावा तितका काळाच.
खरंय. उगाळून पाहिला.
पण काळ्याच्या आत खोल्या किती,
ते उगाळणाऱ्यांनी कधी मोजलं?

पुस्तकात लिहिलंय: उत्प्रेरक क्रियेत उतरतो
आणि होता तसाच बाहेर येतो.
लिहिणाऱ्यानं माझी भुकटी
चाळिसाव्या तासाला पाहिली नसावी.
बाबांनाही नसावं.
एकतीस वर्षं ते पाळीला उतरले, दर वेळी वर आले,
होते तसेच,
असं खाणीच्या हजेरीपटावर दिसतं.

रविवारी कुपी घरी नेली.
बाबांच्या खुर्चीशी ते यंत्र घरघरत होतं,
नायट्रोजन अडवून ऑक्सिजन तेवढा
नळीत सोडणारं. माझ्या भट्टीच्या बरोबर उलट.
त्यांनी कुपी खिडकीशी धरली.
"हे तर माझ्या छातीतही आहे,
मला नाही कुणी डॉक्टरेट दिली."
आई हसली नाही.

"आणि पकडलेल्या वायूचं काय करता?"
तापवलं की भुकटी त्याला सोडते, मी म्हटलं,
मग दाबून, नळानं, जमिनीखाली.
"किती खाली?"
हजार मीटर. जास्तच.
"म्हणजे आमच्याही खाली."
आणि ते हसायला लागले,
हसता हसता खोकला, खोकल्यात निळे ओठ,
आईचा हात पाठीवर, यंत्राचा आकडा वर.
दम परतल्यावर म्हणाले,
"एकतीस वर्षं वर आणत होतो, पोरी.
आधी सांगायचंस."

माळ्यावरचं खुराडं आता शेजारच्या गेरार्डकडे असतं.
जिना त्यांना झेपत नाही.
कुपीचं झाकण त्यांनी दोनदा घट्ट केलं,
मग रुमालाला हात पुसले,
स्वच्छच होते तरी.

दारात आई म्हणाली, बरणी परत आण.
आणि या वेळी झाकणासकट.