शून्य त्रुटी

विट्याच्या कॉलेजात स्क्रू गेज नंबर सात.
शिकलगार सर म्हणाले, आधी रिकामंच मिटव.
मिटवलं. रॅचेट टकटकलं.
मध्ये काहीच नाही,
तरी चार घरं दाखवतंय.

"जुनं आहे ते. त्याच्यावर चिडायचं नाही,
दर वाचनातून चार वजा करायचे."

तार मोजली, तीनदा, जागा बदलून.
पप्पांनी नुसती चिमटीत धरली असती
आणि जाडी सांगून टाकली असती.
पण ते कोईमतूरला, गलाईच्या भट्टीपाशी.

घरी आई अजून चार ताटं काढते,
मग एक पुसून
परत फडताळात ठेवते.

वहीत उत्तर बरोबर आलं.
सर, एक विचारायचं राहिलं:
ती त्रुटी
धन धरायची की ऋण?