नमुना सतरा

आई पापडाचा डबा उन्हात उपडा करायची,
बुरा आलेला पापड चिमटीने दूर फेकायची.
मी आता पगार घेऊन बुरा वाढवते.

जळगावला, डाळमिलच्या मागच्या शेडमध्ये,
तुरीच्या चुनीवर.
बाहेर सेहेचाळीस, आत अठ्ठावीस,
म्हणजे लाइट असेल तर.

काल रात्री दोनला गेली.
फ्लास्कना ओली गोणपाटं गुंडाळून
मी आणि वॉचमन लोटनदादा
पुठ्ठ्याने वारा घालत बसलो,
तापलेल्या लेकराला घालावा तसा.
"बाई, मरी जाई का हाई?"
मरत नाही, म्हटलं, रुसते.
रुसली की काळी पडते,
मग ती खायची राहत नाही.

पहाटे झाकण काढलं.
पांढरं, ओल्या सरकीच्या कापसासारखं,
वास नुकत्या सोललेल्या शेंगेचा.

लोटनदादाने स्टोव्हवर काळ्या मसाल्यात परतलं.
आधी रस्सा ओरपला,
मग तुकडा. चावत राहिला बराच वेळ.
"मटन नही हाई."
थांबला.
"पन दात वयखतस."

वहीत लिहिलं: तंतू लांब, चाव चांगला.
स्रोत या रकान्यात
अजून काही भरलेलं नाही.
डबा तर आईचाच आहे,
तिला विचारायचं कसं?