उलट्या पावलांनी

घोरपडे सर गेले त्या दिवशी
शिरोड्याच्या स्टँडवर आम्ही तिघंच होतो.
सहा सामने, गुण शून्य, अंगावर एकोणीस गोल.
सरांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली,
"कमिटीची आहे. परत कर, आणि पावती घे."
कोल्हापूरची एसटी वेळेवर सुटली.
त्या मोसमात वेळेवर झालेलं तेवढंच.

मी राखीव गोलकीपर.
माझी जर्सी धुवायला टाकावी लागत नाही.
म्हणून सांगतो, मी सगळं पाहिलंय, बसून.

सर वाईट नव्हते.
शेडच्या भिंतीवर खडूने बाण काढायचे,
इथून तिथे, तिथून पुढे,
आणि आमची पोरंही बाणासारखीच सुटायची,
एकदा गेली की परत न येणारी.

मग बस्त्यावमाम आला.
तेरेखोलच्या खाडीत फेरीबोटीचं इंजिन
तीस वर्षं सांभाळलेला, त्या आवाजाने
डाव्या कानाने ठार बहिरा.
फुकटात मिळाला, हे कमिटीत कुणी बोललं नाही.
पहिल्या दिवशी त्याने बॉलला पाय लावला नाही.
विचारलं, "जेवन कोण कोण इलास?"
चार हात वर झाले. सोळा जणांत चार.
दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये
उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरी,
आणि बाणांखाली टेकून बसलेली टीम,
भुरके मारत.

वासू तांडेल आमचा सेंटर फॉरवर्ड.
सहा सामन्यांत एक गोल, तोही आपल्याच जाळीत.
मामने त्याला मैदानावर पाहिलाच नाही.
पाहिला तो रेडीच्या किनाऱ्यावर, पहाटे, रापणीला:
दोर कमरेला, तोंड दर्याकडे,
आणि पावलं मागे, मागे, मागे.
खड्डा कुठे, ओंडका कुठे, पोर कुठे आडवं आलंय
ते सगळं टाचांना ठाऊक.
"झिला, तू मागे खेळ."
वासू तीन दिवस आला नाही.
चौथ्या दिवशी त्याच्या आईने आणून सोडला,
डोक्यावर माशांची पाटी तशीच,
म्हणाली, "घे ह्याका. घरात भांडी फोडता."

सातार्ड्याचा राइट विंगर काय पळायचा!
वासू त्याच्यासमोर मागे सरकत गेला,
घाई नाही, झडप नाही,
जणू कमरेच्या दोराने त्याला,
त्याच्या मागच्या दोघांना, त्यांच्या आरोळ्यांना
हळूहळू वाळूवर ओढून आणतोय.
मग थांबला. नुसता थांबला.
बॉल आपणहून पायाशी आला.
शून्य-शून्य.
खाणीच्या लाल धुळीत आमचा पहिला गुण,
आणि इर्शाद मुजावर असा नाचला
की पलीकडच्यांना वाटलं आपणच हरलो.

वेंगुर्ल्याला एक गोलने हरवलं. मग मालवणला.
आरोंद्याकडून तीन खाल्ले,
पण त्या दिवशी बांगडा लागला होता,
अर्धी टीम पाण्यात.
माम रागावला नाही. संध्याकाळी
वासूच्या पडवीत बसून सहा बांगडे खाल्ले
आणि म्हणाला, "ह्यो सामनो आमी जिंकलो."

शेवटी आठांत पाचवे आलो.
चषक नाही, फोटो नाही. लीगमधून बाहेर पडलो नाही, इतकंच.
भिंतीवरचे बाण कुणी पुसले नाहीत,
सगळ्यात लांब बाणाच्या टोकाशी खिळा ठोकून
माम आपला शर्ट टांगतो.

मी सरांना कळवलं, पाचवे आलो.
त्यांनी विचारलं, वासू कुठे खेळतो?
मी लिहिलं, मागे.
रात्री उशिरा उत्तर आलं,
"मला ते दिसायला हवं होतं."

त्यावर काय लिहायचं ते मला सुचलं नाही.
माम दोन बोटं तोंडात घालून शीळ घालतो,
तेरेखोलपर्यंत ऐकू जाते.
सरांची शिट्टी अजून माझ्याच खिशात आहे.
ती कुणी परत मागितली नाही,
आणि पावती, मी घेतली नाही.