डावा खांदा

पणजीच्या बाईंनी कागदावर खुर्ची काढून आणली:
पाठ खांद्यांवरून सुटलेली, जमिनीपर्यंत सरळ,
गळ्याशी एक गोंडा.
म्हणाल्या, मस्कतच्या पुरुषांचा अंगरखा असतो ना, दिशदाशा,
तसं लाकूड पडायला हवं.

लाकूड पडतं ते झाड पडताना, मी म्हटलं,
आणि आगाऊ पैसे घेतले.

मग कायतानला बोलावलं.
कुंकळ्ळीच्या बाजारामागचा शिंपी,
रुवीतल्या एका दुकानात बावीस वर्षं
हाच अंगरखा शिवून परतलेला.
फळीवर त्याने तळवा फिरवला, उभा, मग आडवा,
तागा पाहावा तसा.
लाकूड कसलं?
शिवण.
हसला. मग मला उगीच नाही बोलावलंस, मेस्ता.
बघ, ह्यालाही उभा धागा आहे.
कापड खांद्यावरून पडतं. तिथे चुकलास
तर खाली कितीही झटक.

पंधरा दिवस भांडलो,
पोदेराचा भोंगा संध्याकाळी दारावरून जाईपर्यंत.
त्याची टेप, माझा गुण्या.
तो खडूने खुणा करी, मी पेन्सिलीने,
रंध्याखाली दोन्ही जात.
तीन फळ्या तडकल्या.
चौथी अशी घसरली खांद्यावरून
की आम्ही दोघंही बिडी शोधू लागलो.

गोंडा त्याने वेताच्या पातींचा वळला.
तिकडे ह्यात अत्तर मुरवतात, म्हणाला.
मी तो लाखेत बुडवला. जे घरात असेल ते.

तुला कसा दिसायचा रे हा, अंगात?
घातला कोणी?
दुसऱ्यांची मापं होती सगळी.
आपली पँट, आणि गळ्यात टेप.

बस, म्हटलं.
बसला.
कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही.
गोंडा नेमका गळ्याशी.

बाई आल्या. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.
डावीकडे उतरलीय, बोटभर.
गुण्या लावला. उतरलेली होतीच.
मशीनवर वाकून वाकून
कायतानचा डावा खांदा उतरलाय,
आणि मी फळी रोज त्याच्याच पाठीला लावून पाहत होतो.

दुसरी करायला घेतलीय, सरळ.
वहीत लिहिलं: खुर्ची एक, बाद.
भिंतीशी उभी आहे.
दुकान बंद करून कायतान येतो,
भुश्यातून चालत,
पण चपला दाराबाहेर काढून.