अर्थ

वडगावात ढवळीमामांच्या परसात
सहा फूट खड्डा मारला मी आणि लुमाण्णानं.
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
मधोमध जीआयचा पाईप,
वरनं चार घागरी पाणी.
मामी म्हणाल्या, लोणचं घालूलालाय काय ओ?
म्हटलं, मुरायलाच पाहिजे की हे पण.

आमच्या धंद्यात अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणतात.
अर्थ आला काय? अर्थ तुटलाय. अर्थ लूज आहे.
मीटरचा काटा सहा पॉइंट चारला थांबला.
खाली मुरूम. मुरमाला समजावता येत नाही.

दोन माग बारा दिवस गप्प.
जुन्या वायरीतनं ठिणगी पडून
अर्ध्या साडीचा ताणा जळला, तेव्हापासनं.
म्हणून सगळं नवीन ओढलं,
लाल, पिवळी, निळी, काळी न्यूट्रल, हिरवी वेगळी,
भिंतीत एक जोड ठेवला नाही.
काम माझं.
सही माझी चालत नाही.

माझं परमिट शिनोळीच्या पत्त्याचं,
शिक्का महाराष्ट्राचा.
बावीस वर्षं सकाळी साडेआठला
गाडीला किक मारतो तो वायरमन,
बाची ओलांडून उतरतो तो हेल्पर.
इकडची परीक्षा द्या की, म्हणतात.
दिली. दोनदा.
अक्षराला अक्षर लावत पेपर वाचला,
‘सुरुळी’ लागली, मला सुरळीची वडी आठवली.
बाहेर चहा पिताना कळलं, कॉइल होती.
कॉइल मी डोळे झाकून भरतो.
पण डोळे झाकायला त्या पेपरात जागा नव्हती.

सही खडेबाजारात मिळते.
कुलगोड कंत्राटदार, पंखा, टेबल, शाईचा पॅड,
एका सहीचे दीड हजार, जीएसटी सोडून.
वडगावचा रस्ता त्यानं शेवटचा बघितला
तेव्हा तिथं कंदील असतील.
रकान्यात त्यानं लिहिलं, दोन.
म्हटलं, अण्णा, सहा पॉइंट चार आलंय.
म्हणाला, फॉर्मला दोन लागतंय.
तुझ्या खड्ड्याला काय लागतंय ते खड्ड्याला विचार.

विचारलं.
रविवारी पदरचे तेराशे घालून
दहा फुटांवर दुसरा खड्डा,
दोन्हींच्या मध्ये पट्टी.
लुमाण्णा म्हणाला, येडा झालास काय बे,
कागदावर दोन आलंय की!
मी काही बोललो नाही. कुदळ जड होती.
संध्याकाळी काटा आला दोन पॉइंट एकला.
खोट्या आकड्याच्या इतक्या जवळ
खरा आकडा मी पहिल्यांदाच नेला असेन.

फाईल परत आली.
घरपट्टीवर धवळी, आधारवर ढवळी,
एका पोटाच्या रेघेवरनं
तीन फेजची लाईन अडली.
अर्थाबद्दल एक शब्द नाही.
खिडकीतल्या पोरीनं मान वर न करता सांगितलं,
नाळे बन्नी.
हा शब्द मला परीक्षा न देताच येतो.
उद्या. मग त्याचा उद्या.
मामा बाकड्यावर बसून
हाताच्या बोटांनी नसलेलं सूत जोडत होते.

अठराव्या दिवशी मीटर बसलं.
मीटर बसवणाऱ्यानं बोर्ड उघडला नाही,
सील मारलं, फोटो काढला, गेला.
मागाचा पहिला ठोका पडला तसं
मामींनी फडताळातनं पितळी भांडी सरकवली,
ती नाचायला लागतात म्हणून.

निघताना मी बोर्डाचं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला मार्करनं तारीख घातली,
खाली 2.1,
खाली माझं नाव, सगळं, वडिलांच्या नावासकट.
कांड्या भरणारा पोरगा सौंदत्तीकडचा,
बाजूला उभा राहून बघत होता.
त्याला मराठी वाचता येत नाही.
म्हणून झाकण लावून बाहेरून,
कन्नडात, मोठ्या अक्षरात,
जेवढं मला बिनचूक लिहिता येतं तेवढं लिहिलं:
मुट्टबेडी.
पोरानं वाचलं आणि हात मागं घेतला.