जिभेवरचं वजन

ट्रेलरच्या तोंडाशी जो लोखंडी त्रिकोण असतो
त्याला इथे वायोमिंगमध्ये सगळे जीभ म्हणतात.
जिभेला हाड नसतं म्हणे.
हिला पोलाद आहे, कडी आहे,
आणि तिच्यावर किती भार यावा याचा हिशोब आहे:
दहातला एक. थोडा वर चालेल. कमी नको.

माझी पिकअप मध्यम चणीची,
रॉइसच्या भावाकडे आहे तसला रेडा नव्हे.
ओढू शकणं वेगळं, आवरू शकणं वेगळं.
विकणारा फक्त पहिलं सांगतो.

किप सोळाचा. माझा नव्हे, रॉइसचा.
माझ्याशी बोलतो ते टोल भरल्यासारखं,
नेमके सुट्टे पैसे.
पहाटे साखळ्या अडकवताना त्याला दाखवलं,
डावी उजवीकडे, उजवी डावीकडे, खालून फुली.
कडी सुटलीच तर जीभ रस्त्यावर न आपटता
या झोळीत पडते.
तो म्हणाला, हं.
आतलं सामान त्यानं भरलं होतं.
मी विचारलं नाही. ती माझी चूक,
इथे आधीच लिहून ठेवते.

रॉलिन्स मागे पडलं.
एल्क माउंटनच्या अंगाला वारा आडवा येतो,
गवतसुद्धा तिथे एकाच कुशीवर झोपतं.
एक लांबलचक ट्रक शेजारून गेला,
आधी त्यानं आम्हांला ढकललं, मग ओढून घेतलं,
आणि आरशात घर हलायला लागलं.
डावीकडे. उजवीकडे. आणखी डावीकडे.

अशा वेळी पाय ब्रेककडे धावतो.
त्याला जाऊ द्यायचं नाही.
स्टिअरिंग सरळ धरायचं, भांडायचं नाही,
अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा
आणि डॅशबोर्डखालची छोटी पट्टी चिमटीत धरून
फक्त मागच्याचे ब्रेक लावायचे,
टोमॅटो पिकलाय का बघावं, इतकंच दाबून.

पन्नास. चाळीस. पस्तीस.
घर शहाणं झालं.
किपचे दोन्ही हात वरच्या मुठीला. टोपी पायात.

पहिल्या ट्रकतळावर वजनकाटा होता.
पावती देणारी बाई सूर्यफुलाच्या बिया चघळत होती.
आधी नुसती पिकअप तोलली, मग ट्रेलर जोडून
पुन्हा तिचीच चाकं. वाढलं ते जिभेवरचं.
वजाबाकी किपनं तोंडी केली:
दोनशे साठ पौंड. ट्रेलर त्रेचाळीसशेचा,
म्हणजे हवं होतं चारशे तीस.
पोरगं हिशोबाला पक्कं आहे
हे मला तीन वर्षांनी कळलं.

मागे काय ठेवलंयस?
ऐरण.
कुठे?
पलंगाखाली. अगदी शेवटाला.
मग बुटाकडे बघत, बाबांना लागेल म्हणून.

रॉइस आता शायेनला गोदामात आहे.
घोड्यांना नाल ठोकणं त्याच्या पाठीनं सोडवलं,
ऐरण दोन हिवाळे गॅरेजमध्ये, वर रंगाचे डबे.
ती लागणार नाही हे किपलाही ठाऊक होतं.
कशाला आणलीस, हे माझ्या जिभेवर आलं.
तिथेच राहू दिलं.

दीडशे पौंड. दोघांनी उचलली,
पावला-पावलानं, कपाटांना खरचटत,
चाकांच्या पुढे आणली, दोन पट्ट्यांनी आवळली.
पुन्हा काटा. चारशे पंचेचाळीस.
पिकअपचं बूड जरासं बसलं.
फार बसलं तर पुढची चाकं हलकी होतात,
दिवे ताऱ्यांकडे बघायला लागतात. तितकं नाही.

पुढे मी पंचावन्नच्या वर नेली नाही.
मागचे हॉर्न वाजवून वाजवून गेले.
किप बोलत होता.
तापल्या लोखंडाचा रंग कधी बरोबर असतो,
जूनिपर नावाची घोडी कशी फक्त डावा पाय द्यायची नाही.
मी अर्धं ऐकलं. अर्धं लक्ष आरशात.
वजनाची पावती त्यानं खिशात घातली होती,
मी मागितली नाही.

लॅरमीनंतरचा चढ संपला, उतार सुरू झाला
तेव्हा खालचा गिअर त्यानंच आठवून दिला.